कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे शिक्षण आणि करिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स यांत नेमका फरक काय?

कॉम्प्युटर सायन्सचा भर अल्गोरिदम, प्रोग्रॅमिंग भाषा, डेटाबेस आणि त्यामागचे गणित यांवर असतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये यातले बरेचसे येतेच, शिवाय त्याखालचे थरही शिकावे लागतात. ट्रान्झिस्टरपासून गेट (तर्काची एकेक क्रिया करणारे छोटे सर्किट), गेटांपासून प्रोसेसर, प्रोसेसरवर ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यावर तुमचा प्रोग्रॅम, ही सगळी उतरंड एकाच माणसाला समजावी, हा या शाखेचा हेतू. प्रोग्रॅम बिघडला की दोष कोडमध्ये आहे, ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आहे की बोर्डावरच्या एखाद्या तारेत, हे शोधत खाली उतरता येणे हेच या पदवीचे खरे बळ आहे.

फक्त नावावर मात्र जाऊ नका. काही ठिकाणी नाव इंजिनिअरिंगचे असते आणि अभ्यासक्रम जवळजवळ पूर्ण सॉफ्टवेअरचा. प्रवेशाआधी विषयांची यादी काढून डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर आर्किटेक्चर (प्रोसेसर आणि मेमरीची आतली रचना) आणि एम्बेडेड सिस्टिम (यंत्रात बसवलेला छोटा कॉम्प्युटर) हे तीन विषय प्रॅक्टिकलसकट आहेत का, ते पाहा. नसतील तर तो व्यवहारात कॉम्प्युटर सायन्सचाच अभ्यासक्रम आहे. त्यात वाईट काही नाही, पण हार्डवेअरची ओढ असेल तर पुढे निराशा होईल.

चार वर्षांत साधारण काय शिकवतात?

पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, भौतिकशास्त्र, विद्युत सर्किटांची ओळख आणि एक प्रोग्रॅमिंग भाषा. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट गणित, डिजिटल लॉजिक, इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल. तिसरे वर्ष सर्वांत जड जाते, कारण आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा कॉम्प्युटर) हे विषय साधारण एकाच काळात येतात आणि दुसऱ्या वर्षातले कच्चे दुवे तिथे उघडे पडतात. चौथ्या वर्षी ऐच्छिक विषय आणि मोठा प्रोजेक्ट.

गणित कच्चे आहे. निभावेल का?

कोणते गणित कच्चे आहे, त्यावर ते अवलंबून आहे. रोजच्या कामात सर्वांत जास्त लागते ते डिस्क्रीट गणित: तर्क, संच, आलेख, मोजणीच्या पद्धती, गणिती विगमन. त्याला शाळेतल्या गणिताची फारशी पूर्वतयारी लागत नाही, ते नव्याने शिकता येते. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता मशीन लर्निंग, ग्राफिक्स आणि सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पदोपदी येतात. कॅल्क्युलस सर्किट आणि कंट्रोलच्या विषयांत लागते, निव्वळ सॉफ्टवेअरच्या नोकरीत क्वचितच.

बायनरी (० आणि १ ची) आणि हेक्साडेसिमल (सोळा चिन्हांची, थोडक्यात हेक्स) पद्धत मात्र बोटांवर असली पाहिजे. हेक्स ए५ म्हणजे १०१० ०१०१ हे विचार न करता सुचत नसेल, तर रजिस्टरचे (चिपमधल्या साठवणीच्या छोट्या जागेचे) बिट वाचताना प्रत्येक वेळी अडखळाल. आठवडाभर रोज दहा मिनिटे सराव केला की हे हातात बसते.

आधी कधी कोडिंग केलेले नाही. मागे पडेन का?

पहिले सेमिस्टर कठीण जाईल. वर्गात काही जण आधीपासून शिकून आलेले असतात, त्यांच्या वेगाकडे पाहून बिचकू नका. रोज तासभर स्वतः टाइप करून कोड लिहिला, तर वर्षअखेरीस हे अंतर बहुतेक भरून निघते. नुसते व्हिडिओ पाहून ते भरून निघत नाही.

पहिली भाषा कोणती शिकावी?

पायथॉनने सुरुवात करा, सहा-आठ आठवड्यांनी सी घ्या. पायथॉनमध्ये लूप, फंक्शन, लिस्ट हे विचार पटकन रुजतात. पण मेमरी म्हणजे काय, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) म्हणजे काय, हे पायथॉन तुमच्यापासून झाकून ठेवते आणि या शाखेत नेमके तेच लागते. तिसरी भाषा निवडायची घाई करू नका. सी प्लस प्लस, जावा, रस्ट, गो यांपैकी कोणती लागेल, ते पुढे काम ठरवते.

सी शिकताना विद्यार्थी कुठे अडतात?

जवळजवळ सगळे त्याच चार-पाच ठिकाणी अडतात.

दहा घरांच्या ॲरेत (सलग घरांच्या यादीत) शेवटचे घर ९ क्रमांकाचे असते, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. लूप १० पर्यंत नेला की शेजारच्या मेमरीवर लिहिले जाते. प्रोग्रॅम लगेच कोसळला तर ते नशीबच म्हणायचे; बहुतेकदा तो चालत राहतो आणि भलत्याच व्हेरिएबलची किंमत बदलून ठेवतो. तसेच स्ट्रिंगचे. पाच अक्षरांच्या शब्दाला सहा बाइट लागतात, कारण शेवटी शून्य साठवायचे असते.

फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता परत पाठवणे ही दुसरी नेहमीची चूक. फंक्शन संपताच ती जागा दुसऱ्या कामाला जाते. तिसरी, फ्री केलेली (परत करून टाकलेली) मेमरी पुन्हा वापरणे. चौथी सहसा उशिरा सापडते: अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेली) संख्या शून्याखाली जात नाही, त्यामुळे ‘शून्य किंवा जास्त असेपर्यंत चालव’ असा उलटा लूप कधीच थांबत नाही. ३२ बिटांत शून्यातून एक वजा केला की ४२९४९६७२९५ मिळतात.

उपाय सोपा आहे. कंपायलरच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा आणि प्रत्येक वॉर्निंगला चूकच समजा. ॲड्रेस सॅनिटायझर लावून किंवा व्हॅलग्राइंडखाली (ही मेमरीच्या चुका पकडणारी साधने) प्रोग्रॅम चालवा, म्हणजे अशा बहुतेक चुकांची ओळ क्रमांकासकट कळते. जीडीबीचे (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत पाहू देणाऱ्या साधनाचे) आठ-दहा आदेश पहिल्याच महिन्यात शिकून घ्या. जागोजागी प्रिंट टाकून बग शोधणे पन्नास ओळींपर्यंत चालते, पाच हजार ओळींत नाही.

संख्येच्या प्रकाराकडे दुर्लक्ष किती महागात पडते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना ती मावली नाही. तो कोड एरियन ४ वरून जसाच्या तसा आणला होता आणि त्या जुन्या रॉकेटच्या वेगात ती संख्या कधी एवढी वाढतच नसे.

हार्डवेअरचा सराव घरी करता येतो का? काय काय लागते?

येतो, आणि करावाच. लागणारे सामान असे: एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड (जमल्यास दोन, म्हणजे एक बिघडला तर काम थांबत नाही), ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, दहा एलईडी, ३३० ओहम, ४.७ किलोओहम आणि १० किलोओहमचे प्रत्येकी दहा रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचे दहा कपॅसिटर, चार पुश बटणे, आय-टू-सी (चिपांना दोन तारांनी जोडण्याची पद्धत) वर बोलणारा एक सेन्सर आणि मल्टिमीटर. आठ चॅनेलचा साधा लॉजिक ॲनालायझर घेता आला तर जरूर घ्या. दोन चिपांमध्ये प्रत्यक्ष काय बोलणे चालले आहे, ते त्यावर डोळ्यांना दिसते.

पहिल्या दिवशीची सर्वांत सामान्य अडचण म्हणजे ‘बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही’. ड्रायव्हर शोधत बसण्यापूर्वी यूएसबी केबल बदलून पाहा. कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात.

दुसरी अडचण बटणाची. बटण पिनला नुसते जोडले आणि १० किलोओहमचा पुल-अप (पिन वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर) दिला नाही, तर बटण दाबलेले नसताना पिन अधांतरी राहते आणि हात जवळ नेला तरी किंमत बदलते. पुल-अप दिल्यावरही एकदा दाबलेले बटण चार-पाच वेळा मोजले जाते, कारण आतले धातूचे पाते काही मिलिसेकंद थडथडते. सिग्नल २० मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच तो खरा धरावा.

आय-टू-सी सेन्सर उत्तर देत नसेल तर या क्रमाने जा. आधी मल्टिमीटरने सेन्सरच्या पिनवरच व्होल्टेज मोजा, बोर्डच्या पिनवर नाही. मग दोन्ही ग्राउंड जोडलेले आहेत का ते पाहा; हे राहून जाण्याचे प्रमाण फार मोठे आहे. मग काही पाठवले जात नसताना एसडीए (डेटाची) आणि एससीएल (क्लॉकची) या दोन्ही तारा वर, म्हणजे ३.३ व्होल्टजवळ आहेत का ते बघा. खाली असतील तर पुल-अप नाहीत, ४.७ किलोओहमचे दोन लावा. हे सगळे बरोबर असेल तर पत्ता तपासा. एखाद्या सेन्सरचा पत्ता डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) हेक्स ६८ दिलेला असतो, हे सात बिट झाले. आर्डुइनो बोर्डांची वायर लायब्ररी तो तसाच घेते, पण एसटीएम३२ चिपांची हॅल लायब्ररी तो एक बिट डावीकडे सरकवून, म्हणजे हेक्स डी० असा मागते. हा फरक लक्षात न आल्याने चांगला सेन्सर बिघडलेला समजून फेकून दिला जातो.

व्हेरिलॉग म्हणजे आणखी एक प्रोग्रॅमिंग भाषाच ना?

नाही, आणि हा समज लवकर गेलेला बरा. व्हेरिलॉगमध्ये तुम्ही आदेशांची यादी लिहीत नाही, सर्किटचे वर्णन करता. सगळे भाग एकाच वेळी चालू असतात. सुरुवात मोफत साधनांनी करा: सिम्युलेशनसाठी आयकॅरस व्हेरिलॉग किंवा व्हेरिलेटर, वेव्हफॉर्म (सिग्नलचे आलेख) पाहायला जीटीके-वेव्ह, सिंथेसिससाठी (वर्णनातून खरे सर्किट बनवायला) योसिस.

सिम्युलेशनमध्ये चालते आणि एफपीजीएवर (हवे ते सर्किट घालता येणाऱ्या चिपवर) चालत नाही, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा यांपैकी एक असते. कॉम्बिनेशनल (क्लॉकशिवाय चालणाऱ्या) ब्लॉकमध्ये ‘इफ’ला ‘एल्स’ दिलेला नसतो, म्हणून नको असलेला लॅच (जुनी किंमत धरून ठेवणारा घटक) तयार होतो. क्लॉकवर (ठरावीक ठोके देणाऱ्या सिग्नलवर) चालणाऱ्या ब्लॉकमध्ये नॉन-ब्लॉकिंगऐवजी (सगळ्या एकदम लागू होणाऱ्या) ब्लॉकिंग (एकापाठोपाठ लागू होणारी) असाइनमेंट वापरलेली असते. कोडमध्ये दिलेला वेळेचा विलंब सिंथेसिस सरळ गाळून टाकते. किंवा बाहेरून आलेला, दुसऱ्या क्लॉकवरचा सिग्नल थेट वापरलेला असतो. तो एकेरी बिट असेल तर ओळीने दोन फ्लिप-फ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट साठवणाऱ्या घटकांतून) आणा. अनेक बिटांना ही युक्ती चालत नाही, तिथे ग्रे कोड (दर वेळी एकच बिट बदलणारी मोजणी) किंवा असिंक्रोनस फिफो (दोन क्लॉकमधली रांग) लागतो. सिंथेसिसचा अहवाल शेवटपर्यंत वाचायची सवय लावून घ्या, लॅच तयार झाल्याचे त्यात लिहिलेले असते.

मला सॉफ्टवेअरमध्येच जायचे आहे. मग आर्किटेक्चर कशाला शिकायचे?

एक प्रयोग स्वतः करून पाहा. सी मध्ये ४०९६ × ४०९६ चा, चार बाइटांच्या पूर्णांकांचा ॲरे घ्या. तो ६४ मेगाबाइटचा होतो. त्याची बेरीज एकदा आडव्या ओळीने करा, एकदा उभ्या रकान्याने. बेरजा सारख्याच, उत्तर तेच, तरी उभ्या दिशेने जाणारा प्रोग्रॅम कितीतरी पट सावकाश चालतो. (कंपायलर लूपांची अदलाबदल करत नाही ना, एवढे पाहून घ्या.)

कारण असे. प्रोसेसर मेमरीतून एकेक संख्या आणत नाही, बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटांचा तुकडा आणतो. आडवे गेलात तर एका फेरीत १६ संख्या कामी येतात. उभे गेलात तर प्रत्येक पाऊल १६३८४ बाइटांचे, म्हणजे दर वेळी नवा तुकडा आणि त्यातली एकच संख्या वापरलेली. भरीस भर म्हणजे हे पाऊल दोनाचा घात असल्याने ते सगळे तुकडे कॅशच्या (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) त्याच त्या मोजक्या जागांसाठी भांडतात आणि एकमेकांना बाहेर ढकलतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी १६ रिकामी घरे वाढवली, तर हा दुसरा त्रास बराच कमी होतो. ज्याला हे ठाऊक आहे, तो लूपांचा क्रम बदलून पाच मिनिटांत प्रोग्रॅम वेगवान करतो. बाकीचे मोठा सर्व्हर मागतात.

सुरक्षेतही हेच. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी कुठल्या एका प्रोग्रॅमच्या कोडमध्ये नव्हत्या. प्रोसेसर पुढचे आदेश अंदाजाने आधीच चालवून ठेवतो, त्या युक्तीतून माहिती झिरपत होती.

लॅपटॉप कोणता घ्यावा?

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. ८ जीबीत कोडिंग होते, पण व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) आणि एफपीजीएचे सॉफ्टवेअर उघडले की दम लागतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड अनिवार्य नाही. एक खबरदारी घ्या: व्हिवाडो, क्वार्टस यांसारखी एफपीजीएची साधने विंडोज आणि लिनक्सवर चालतात, मॅकवर थेट चालत नाहीत. कॉलेजात कोणते साधन वापरतात ते विचारून मगच खरेदी करा. लिनक्स मात्र काहीही घेतले तरी शिका.

प्रोजेक्ट कसा निवडावा?

असा निवडा की ज्यात काहीतरी मोजता येईल. ‘स्मार्ट’ या नावाचे ढीगभर प्रोजेक्ट होतात. सेन्सर लावला, ॲपवर आकडा दिसला, संपले. त्यातलाच सेन्सर बॅटरीवर वर्षभर चालवून दाखवायचा ठरवला, की प्रश्न खरे होतात. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी वर्षभर, म्हणजे ८७६० तास पुरवायची तर सरासरी प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरच्या आत हवा. मग झोपेतला प्रवाह मोजावा लागतो, रेडिओ किती वेळ चालू राहतो ते पाहावे लागते, बोर्डवरचा पॉवरचा एलईडीसुद्धा काढावा लागतो. अशा प्रोजेक्टवर मुलाखतीत अर्धा तास बोलता येते.

सॉफ्टवेअरचा कल असेल तर आरआयएससी-५ चा (प्रोसेसरच्या आदेशांचा एक खुला संच) छोटा सिम्युलेटर लिहा. ३२ बिटांच्या मूळ संचात चाळीसच्या आसपास आदेश आहेत, सगळे ३२ बिट लांबीचे. ३२ रजिस्टरांपैकी एक्स० नेहमी शून्य असते. त्यात लिहिणे थोपवायला विसरणे आणि तात्कालिक (आदेशातच दिलेल्या) संख्येचा चिन्हाचा बिट डावीकडे भरायला विसरणे या दोन चुका हमखास होतात.

काम गिटवर (कोडमधले बदल जपणाऱ्या साधनात) ठेवा आणि रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या ओळखीच्या फाइलमध्ये) काय चालते, काय चालत नाही, दोन्ही लिहा.

पदवीनंतर कोणकोणती कामे मिळतात?

एम्बेडेड आणि फर्मवेअर (यंत्रातल्या चिपमध्ये राहणारे सॉफ्टवेअर) हे या शाखेचे हक्काचे क्षेत्र. गाड्या, वैद्यकीय उपकरणे, कारखान्यातली यंत्रे, उपग्रह, सगळीकडे हे काम आहे. त्यासाठी सी, आरटीओएस (ठरल्या वेळेत काम करणारी ऑपरेटिंग सिस्टिम), डेटाशीट वाचण्याचा सराव आणि ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारे यंत्र) हाताळता येणे लागते. गाड्यांच्या क्षेत्रात कॅन बस (गाडीतल्या भागांना जोडणाऱ्या दोन तारा), मिस्रा सी (सुरक्षित सी लिहिण्याचे नियम) आणि आयएसओ २६२६२ (गाड्यांच्या सुरक्षेचे मानक) ही नावे रोज कानावर पडतील. कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून वीज बंद करून दोन तारांमध्ये मोजले तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. नव्या माणसाने आल्या आल्या हे मोजले, तर तो कामाचा आहे हे वरिष्ठ लगेच ओळखतात.

आरटीओएसचा सिद्धांतही कागदावर राहत नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. कमी प्राधान्याचे काम एक कुलूप (सामायिक गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून असलेले) धरून बसे, मधल्या प्राधान्याची कामे त्याला पुढे सरकू देत नसत आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या कुलपासाठी खोळंबून राही. प्रायॉरिटी इनहेरिटन्सची (कुलूप धरलेल्या कामाला थांबलेल्या कामाचे प्राधान्य देण्याची) सोय आधीपासून होती, फक्त बंद होती. ती पृथ्वीवरून चालू करून दोष दूर केला गेला.

चिप डिझाइनमध्ये आरटीएल (व्हेरिलॉगसारख्या भाषेतले सर्किटचे वर्णन) लिहिणे, व्हेरिफिकेशन (डिझाइन बरोबर आहे का ते तपासणे), फिजिकल डिझाइन (चिपवरची मांडणी) आणि टेस्ट असे वेगवेगळे विभाग असतात. सिस्टिम सॉफ्टवेअरमध्ये कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर, कंपायलर, डेटाबेसचे इंजिन. याखेरीज बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा भाग), क्लाउड, नेटवर्क, सायबर सुरक्षा, डेटा आणि मशीन लर्निंग. संख्येने सर्वाधिक जागा ॲप्लिकेशन सॉफ्टवेअरमध्येच असतात आणि बरेच पदवीधर तिकडेच जातात. हार्डवेअर शिकलो ते वाया गेले, असे त्यामुळे होत नाही. वरचा ॲरेचा प्रयोग आठवा.

व्हेरिफिकेशनचे काम दुय्यम असते का?

अजिबात नाही. डिझाइनइतकीच, अनेकदा अधिक माणसे व्हेरिफिकेशनवर असतात. सॉफ्टवेअर रातोरात बदलता येते, तयार झालेली चिप बदलायला महिने जातात. १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक निघाली. आतल्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या आणि क्वचितच एखादे उत्तर चुकत होते. इंटेलला त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. सिस्टिमव्हेरिलॉग (व्हेरिलॉगची वाढवलेली आवृत्ती), यूव्हीएम (चाचण्या रचण्याची प्रमाण पद्धत) आणि चिकाटी असेल, तर या कामात चांगले करिअर होते.

इंटर्नशिप आणि मुलाखतीची तयारी कशी करावी?

इंटर्नशिपचे अर्ज कित्येक महिने आधी सुरू होतात, परीक्षा संपल्यावर शोधू लागलात तर उशीर झालेला असतो. रेझ्युमे एक पान. ‘सी, पायथॉन, जावा येते’ याऐवजी काय बनवले आणि त्याचा आकडा लिहा: किती वेगवान झाले, किती वीज वाचली, किती चाचण्या पास होतात. जे लिहाल त्यातल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. न येणाऱ्या गोष्टीचे नाव घातलेत तर तिथेच अडकाल.

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत ॲरे, हॅश टेबल, ट्री, ग्राफ आणि त्यांचा वेळेचा हिशेब विचारतात. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत बायनरी सर्च वीस तुलनांत का संपतो, हे तोंडी सांगता यावे. एम्बेडेडमध्ये एखादा बिट सेट करा, तो पुसा, व्होलाटाइल (किंमत बाहेरून बदलू शकते असे कंपायलरला सांगणारा शब्द) कधी लागते, इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून होणाऱ्या कामात) काय करू नये, असे प्रश्न असतात. चिप डिझाइनमध्ये सेटअप आणि होल्ड टाइम (क्लॉकच्या कडेआधी आणि कडेनंतर सिग्नल स्थिर राहायला हवा तो वेळ) हमखास. होल्ड चुकला तर क्लॉक सावकाश करून का भागत नाही, याचे उत्तर तयार ठेवा: सिग्नल त्याच क्लॉकच्या कडेनंतर लवकर बदलतो ही अडचण असते, तिचा दोन कडांमधल्या अंतराशी संबंध नसतो.

उत्तर येत नसेल तर विचार मोठ्याने बोलून दाखवा. गप्प बसलेल्या उमेदवाराला मदतही करता येत नाही.

एआय कोड लिहून देते. मग ही पदवी घेऊन उपयोग काय?

नेहमीचा, हजारदा लिहिला गेलेला कोड ही साधने चटकन देतात. तो बरोबर आहे का, हे ठरवायला मात्र आतले ज्ञान लागते. रजिस्टरचा पत्ता चुकलेला असला, दोन थ्रेडमधली (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधली) शर्यत सुटलेली असली, तरी कोड वाचायला नीटच दिसतो. बोर्डवरचा सैल सांधा तर एआयला दिसतच नाही, प्रोब तुम्हालाच लावावा लागतो.

शिकण्याच्या काळात एक पथ्य पाळा. आधी स्वतः प्रयत्न करा, अडलात तर ‘माझे काय चुकले ते समजाव’ असे विचारा, ‘लिहून दे’ असे नको. मिळालेली प्रत्येक ओळ स्वतःच्या शब्दांत सांगता आली, तरच ती सबमिशनमध्ये घाला.

सर्टिफिकेट कोर्स करावेत का?

क्लाउड, नेटवर्क आणि सुरक्षेत काही सर्टिफिकेट उपयोगी पडतात. फर्मवेअर आणि चिप डिझाइनमध्ये त्यांना फार कोणी विचारत नाही.

दुसऱ्या शाखेतून इकडे येता येते का?

येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला डेटा स्ट्रक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टिम भरून काढावे लागते, गणिताच्या पदवीधराला प्रोग्रॅमिंगचा सराव आणि नेटवर्क. मेकॅनिकलवाल्यांना कंट्रोल सिस्टिम आधीच येते, त्यामुळे रोबोटिक्स आणि गाड्यांचे फर्मवेअर ही त्यांना जवळची वाट. नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले तर साधारण दीड-दोन वर्षे धरून चाला.

मास्टर्स करावे का?

चिप डिझाइन, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, सिग्नल प्रोसेसिंग किंवा मशीन लर्निंगच्या संशोधनाकडे जायचे असेल तर हो, तिथे अनेक जागांसाठी ते मागतात. बॅकएंड किंवा क्लाउडमध्ये ती दोन वर्षे नोकरीत घालवणे बहुधा जास्त फायद्याचे. पदवीनंतर काय करावे ते सुचत नाही, एवढ्याच कारणासाठी मास्टर्सला जाऊ नका. वर्षभर काम करा. कोणत्या थरावर काम करायला मन रमते ते तेवढ्यात कळते, आणि मग विषय निवडणे सोपे जाते.